विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधप्रबंधांची डिजिटल रिपॉझिटरी उभारतेय, अनुभव हवेत (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण जे मांडणार आहे त्यातलं बरंचसं आमच्या घरातलं आहे.

दोन महिन्यांपूर्वी रिपॉझिटरीचं, म्हणजे विद्यापीठातलं संशोधन जपून ऑनलाइन वाचायला देणाऱ्या साठ्याचं, काम माझ्याकडे आलं. आदेश एका ओळीचा: सगळे प्रबंध ऑनलाइन करा. मी आधी प्रबंधांच्या सीडी शोधायला घेतल्या. तीन खोकी निघाली, जिन्याखालच्या कपाटात, ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवलेली. पहिल्या खोक्यात ४० सीडी होत्या, त्यातल्या ९ उघडल्याच नाहीत. एकीचा चकाकता थर बोट लावताच पापुद्र्यासारखा सुटून आला. कुणाची तरी पाच-सहा वर्षांची मेहनत माझ्या बोटाला चिकटली होती. छापील प्रत रॅकवर आहे म्हणून निभावलं.

ज्या उघडल्या त्यांचं दुसरंच दुखणं. भूगोलाचा एक प्रबंध घेतला, निफाड तालुक्यातलं सिंचन आणि भूजल यावरचा. पीडीएफ पडद्यावर अगदी स्वच्छ दिसते. पण 'सिंचन' शब्द टाकून शोधलं तर एकही जागा सापडत नाही. ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवली तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. जुना मराठी फॉन्ट, श्रीलिपी.

हाच प्रबंध आधी का घेतला तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात निफाडकडचे एक काका आमच्याकडे आले होते. कादवेच्या काठी त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांच्या गावातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा जुना तक्ता या प्रबंधात आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्रबंधाची झेरॉक्स द्यायची नाही असा आमचा नियम. काकांनी दोन दिवस एसटीने ये-जा करून तो तक्ता शाळेच्या वहीत हाताने उतरवून घेतला. पट्टीने रेघा मारून. निघताना म्हणाले, "मॅडम, हे घरून बघता येईल असं कधी होईल का हो?" मी होईल म्हणाले आणि त्यांचा फोन नंबर लिहून ठेवला.

तर विचारायचंय ते असं. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? जुन्या प्रबंधांना संशोधकांची परवानगी कशी घ्यायची? आणि मराठी मजकूर शोधल्यावर सापडेल असं कसं करायचं? तिसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडलेय.

सातपूरकर

ताई, सॉफ्टवेअरचं मी सांगतो. एका महाविद्यालयाची रिपॉझिटरी मी चार वर्षं सांभाळतोय.

डीस्पेस घ्या. एमआयटीचं ग्रंथालय आणि एचपी यांनी मिळून २००२ साली काढलेलं, मुक्त आणि मोफत. देशभरातल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, शोधगंगा, त्यावरच चालते, त्यामुळे आपल्याकडे विचारायला माणसं मिळतात. ईप्रिंट्सही चांगलं आहे, साउदॅम्प्टन विद्यापीठाचं, त्याच्याही आधीचं. पण मदतीला जवळ कुणी असणं जास्त महत्त्वाचं.

एक काळजी घ्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून डीस्पेसची रचना बदलली. मागे जावाचा सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधयंत्र, पुढे वाचकाला दिसणारा अँग्युलरचा पडदा, असे दोन वेगळे भाग झाले. यूट्यूबवरचे बरेच मराठी-हिंदी व्हिडिओ सहाव्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीचे आहेत, ते बघून बसवायला गेलात तर आठवडा फुकट जाईल. आमच्या ४ जीबीच्या मशीनवर पुढच्या भागाचं बिल्ड दर वेळी मध्येच मरायचं. १६ जीबी केल्यावर त्रास संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हँडल. प्रत्येक प्रबंधाला डीस्पेस एक कायमचा क्रमांक देतं. त्या क्रमांकाचा सुरुवातीचा भाग संस्थेने नोंदणी करून, फी भरून घ्यायचा असतो. तो घेतला नाही तर डीस्पेस नमुन्यादाखल १२३४५६७८९ हाच आकडा लावतं. देशातल्या कितीतरी रिपॉझिटऱ्यांवर तो तसाच राहिलाय. पत्त्यात १२३४५६७८९ दिसलं की समजायचं, हा दुवा फक्त त्या सर्व्हरपुरता आहे. उद्या विद्यापीठाने डोमेन बदललं की प्रबंधांच्या संदर्भसूचीत छापले गेलेले सगळे दुवे मेले. आम्ही दीड वर्षानंतर जागे झालो, तोवर आमच्या प्राध्यापकांनी ते दुवे पेपरांत दिलेले होते. पहिला प्रबंध चढवायच्या आधी नोंदणी करा. मंजुरीला वेळ लागला तर थांबा, पण याशिवाय सुरू करू नका.

बॅकअपबद्दल उद्या लिहितो, ते सविस्तर लिहायला हवं.

शंका आहे

प्रामाणिक प्रश्न. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर टाकणं सक्तीचंच आहे ना? मग तेच पुन्हा स्वतःच्या सर्व्हरवर कशाला? पैसा आणि माणसं दोन्ही कमी असताना?

दाखलनोंद

प्रश्न रास्त आहे. मी ३४ वर्षे ग्रंथालयात काढली, आता निवृत्त आहे. शोधगंगा नसती तर आपल्याकडचे निम्मे प्रबंध कधी उजेडात आलेच नसते असे माझे मत आहे. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने, म्हणजे शोधगंगा चालवणाऱ्या यूजीसीच्या केंद्राने, ती एका जागी आणली. ते मोठे काम झाले.

परंतु विद्यापीठात केवळ पीएचडी होत नाही. एम.ए., एम.एस्सी.चे लघुप्रबंध, प्रकल्प अहवाल, परिसंवादांतील निबंध, विभागांची जुनी नियतकालिके, सर्वेक्षणांची छायाचित्रे. येवल्याच्या पैठणी विणकरांवर, लासलगावच्या कांदा बाजारावर विद्यार्थ्यांनी केलेली लहान लहान कामे आमच्या कपाटांत होती. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. शिवाय यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत संस्थेने स्वतःची रिपॉझिटरी तयार करावी असे स्पष्ट म्हटले आहे. बहुतेकांना त्यातले १० टक्के साम्याचे कलम तेवढे पाठ असते.

गोदाकाठ, तुम्हाला एक सांगतो. सॉफ्टवेअर महिन्याभरात बसेल. मेटाडेटाला, म्हणजे प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीतल्या माहितीला, वर्षे लागतात, आणि रिपॉझिटरी टिकते ती मेटाडेटावर. एकाच मार्गदर्शकांचे नाव तीन प्रबंधांवर तीन प्रकारे छापलेले असते. एकावर आद्याक्षरे, दुसऱ्यावर पूर्ण नाव, तिसऱ्यावर आडनाव आधी. तसेच भरलेत तर संगणकाच्या लेखी ती तीन माणसे. आधी नावांची एक प्रमाण यादी करा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत, आणि भरणाऱ्या प्रत्येकाने त्या यादीतूनच नाव उचलायचे हा दंडक ठेवा. कार्यरत प्राध्यापकांचा ओआरसीआयडी (संशोधकाचा जागतिक ओळखक्रमांक) त्याच यादीत जोडा. डब्लिन कोअर या नोंदीच्या प्रमाण साच्याचे मूळ घटक पंधराच, पण लेखक वेगळा, मार्गदर्शक वेगळा, पदवी मिळाल्याची तारीख वेगळी आणि सादर केल्याची वेगळी. या चार जागी गल्लत झालेली मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

आणि भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरायला विसरू नका. तो रकाना मोकळा राहिल्यामुळे एका संस्थेतील सर्व मराठी प्रबंध यादीत इंग्रजी म्हणून दिसत होते. मराठीतून संशोधन किती झाले हे उद्या कोणी मोजायला गेले, तर उत्तर शून्य येईल.

सातपूरकर

सरांनी लिहिलंय ते छापून टेबलावर लावावं असं आहे.

आता बॅकअप. डीस्पेसमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी असतात. नोंदी डेटाबेसमध्ये, आणि प्रत्यक्ष पीडीएफ ॲसेटस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरमधल्या फाइलींना नाव नसतं. नुसते लांबच लांब आकडे, पुढे पीडीएफ असंही लिहिलेलं नसतं. कुठला आकडा म्हणजे कुणाचा प्रबंध, हे फक्त डेटाबेसला माहीत.

माझ्या ओळखीच्या एका संस्थेत रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप व्हायचा, ॲसेटस्टोअरचा कुणी घेतलाच नव्हता. डिस्क गेली. शीर्षकं, सारांश, नावं सगळं परत आलं, पण कुठल्याही दुव्यावर टिचकी मारली की फाइल नाही. तिथल्या मॅडमनी रॅकवरून प्रती काढून पुन्हा स्कॅनिंगला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. म्हणून दोन्ही एकाच वेळी घ्या, आणि एक प्रत नाशिकच्या बाहेर ठेवा. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आपण पाहिलंय. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादा प्रबंध खरोखर उघडून बघा. डीस्पेस प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतं, तो तपासणारी आज्ञा आठवड्याला चालवा. फाइल आतून बिघडली तर निदान कळेल.

रविवार कारंजा

या धाग्यावर मी बोलावं की नाही असा विचार करत होतो, कारण मी ग्रंथालयातला नाही. रविवार कारंज्याजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं, १९९६ ते २०१५. नाशिकमधले मराठी प्रबंध मी खूप टाइप केलेत. ताई, तुमच्या सीडीत माझ्या हातचे नक्की असणार.

श्रीलिपीचं काय होतं ते सांगतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारं युनिकोड त्या काळी आमच्यापर्यंत आलेलंच नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. मशीनच्या लेखी ते इंग्रजीच, फॉन्टमुळे डोळ्याला मराठी दिसायचं. शिवाय आम्ही दिसतं त्या क्रमाने टाइप करायचो. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते. रफाराचं उलटं, तो आम्ही अक्षरानंतर मारायचो, युनिकोडला र आधी लागतो. म्हणून रूपांतर करताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. त्यातच कन्व्हर्टर अडखळतात. आणि श्रीलिपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आकारांच्या जागा वेगळ्या. कृतिदेव आणखी वेगळा, आयएसएमचे सुरेख, योगेश आणखी वेगळे. एकाच प्रबंधात मुख्य मजकूर एका फॉन्टात आणि तक्ते दुसऱ्यात, असंही आम्ही केलेलं आहे, कारण तक्त्यात आकडे नीट बसायचे.

माझा सल्ला: पीडीएफमधून मजकूर उपसू नका. पान ३०० डीपीआयचं चित्र म्हणून काढा आणि त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, चालवा. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरला मराठी येतं आणि ते मोफत आहे. ओसीआरएमवायपीडीएफ नावाचा प्रोग्रॅम ओळखलेला मजकूर पानाच्या मागे अदृश्य थरात बसवतो. वाचणाऱ्याला मूळ पान जसंच्या तसं दिसतं, शोधणाऱ्याला मागचा थर सापडतो. आमचं छापील काम स्वच्छ असायचं, त्यामुळे ओळख चांगली होते. तक्त्यांत मात्र चुका होतील, ५ आणि ६ यांत विशेष. ते हाताने बघावे लागतील.

माझ्याकडे जुनी हार्डडिस्क आहे, पेजमेकरच्या फाइली आणि ते फॉन्ट त्यात आहेत. गिऱ्हाइकांचं काम आहे म्हणून मी कुणाला दिलं नाही. ज्यांची सीडी गेली त्यांची फाइल, त्यांच्या संमतीने, काढून देईन. पैसे नकोत.

गोदाकाठ

काका, काय लिहू कळत नाहीये. ते ९ प्रबंध कुणाचे याची यादी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.

टेसरॅक्ट चालवून पाहिलं. भूगोलाच्या प्रबंधात 'सिंचन' आता सापडतं! पण एक नवी अडचण समोर आली. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द टाकला की काही प्रबंध येतात, काही येत नाहीत. नजरेला दोन्हीकडे अक्षर तेच दिसतंय.

सातपूरकर

तेच नाही, ताई. आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'शेतकऱ्यांच्या' मध्ये खाली टिंब असलेला ऱ आहे, त्याला हलन्त. 'शेतकर्‍यांच्या' मध्ये साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक नाही, सोलरला ते दोन शब्द. नाशिकच्या विद्यापीठात हा शब्द किती शीर्षकांत असेल विचार करा.

'ॲ' चंही तसंच. कुणी एकच अक्षर म्हणून टाइप करतं, कुणी अ लिहून वर चंद्र देतं. युनिकोड त्यांना एक मानत नाही, त्यामुळे नेहमीच्या सामान्यीकरणाने ते जुळत नाहीत. 'बॅंक' आणि 'बँक' हाही घोळ आहेच.

उपाय आहे. सोलरमध्ये मजकूर शोधासाठीच्या अनुक्रमणीत जायच्या आधी अक्षरं बदलून घेणारी एक नकाशा-फाइल लावता येते. डावीकडे जे टाइप होतं ते, उजवीकडे जे मानायचं ते. आठ-दहा ओळींचं काम आहे, शोधणाऱ्याच्या शब्दालाही तोच नियम लागतो. मी माझी फाइल पाठवतो. ती लावल्यावर सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधावी लागेल, रात्री लावून ठेवा.

सुरगाणा

परवानगीचा मुद्दा मागे पडलाय, म्हणून लिहितो. माझी पीएचडी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या कोकणा बोलीवर आहे. परिशिष्टात १२० पानांची गाणी आणि कहाण्या आहेत, सांगणाऱ्यांच्या नावा-गावासकट. त्यातल्या आजी मला म्हणाल्या होत्या, "तू लिहून घे, पोरांना वाचून दाखव." जगाला दाखव असं त्या म्हणाल्या नव्हत्या. काही गाणी फक्त मरणाच्या वेळी म्हणायची असतात. ती एका टिचकीवर कुणालाही मिळावीत का, यावर मी अजून ठाम नाही.

प्रबंध माझा आहे, हक्क माझा आहे, मी सही देईन. पण त्या आजींच्या वतीने सही कोण देणार?

दाखलनोंद

फार महत्त्वाचे बोललात.

कायद्याची बाजू आधी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रबंधाचा हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याकडे राहतो, हयातभर आणि पुढे ६० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी सोय झाली की सार्वजनिक, ना-नफा ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. म्हणजे गोदाकाठ स्कॅन करू शकतात. सर्वांसाठी खुले करणे ही वेगळी गोष्ट, तिला संमती हवी.

नव्या प्रबंधांना तोंडी परीक्षेच्या वेळीच संमतिपत्र घ्या. जुन्यांना पत्र, फोन, ईमेल, जे शक्य ते. उत्तर येत नाही तोवर शीर्षक, सारांश, अनुक्रमणिका खुली ठेवा आणि पूर्ण मजकुरावर 'प्रत मागवा' हे बटण ठेवा. डीस्पेसमध्ये ते तयारच असते. कोणाचे पुस्तक निघायचे असेल तर दोन वर्षांचा एम्बार्गो, म्हणजे फाइल बंद ठेवायची मुदत, द्या, ती मुदत संपली की फाइल आपोआप खुली होते. प्राध्यापकांच्या लेखांबाबत प्रकाशकाची अंतिम पीडीएफ सरळ चढवू नका. पुष्कळ प्रकाशक स्वीकृत हस्तलिखित ठेवू देतात, छापील रूप ठेवू देत नाहीत. प्रकाशकांचे हे नियम देणाऱ्या 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर नियतकालिकाचे नाव घालून पाहावे.

तुमच्या परिशिष्टाबद्दल: डीस्पेसमध्ये एकाच नोंदीतल्या प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी देता येते. मुख्य प्रबंध खुला, परिशिष्ट बंद. ते केवळ ग्रंथालयात येऊन वाचता येईल, किंवा त्या गावच्या माणसाने मागितले तर मिळेल, असे ठरवता येते. ते ठरवायला गावात जाऊन विचारावे लागेल. मी येईन तुमच्याबरोबर, हरकत नसेल तर.

सुरगाणा

सर, पावसाळा संपल्यावर जाऊ. आजी आता नाहीत, पण त्यांची सून आहे, तिला सगळी गाणी येतात. आणि खरं सांगायचं तर त्या गावच्या शाळेत हे परिशिष्ट सगळ्यात आधी पोचायला हवं. तिथे रेंज नाही. पेन ड्राइव्हवर नेऊ.

गोदाकाठ

तीन महिन्यांनी परत लिहितेय.

हँडलचा आकडा आमचा स्वतःचा आहे. मंजुरीला सात आठवडे लागले, वरून दोनदा विचारणा झाली की काम का थांबलंय. मी सातपूरकरांचं म्हणणं कागदावर लिहून दिलं, मग कुणी काही बोललं नाही. मार्गदर्शकांच्या नावांची यादी झाली. सीडी गेलेल्या ९ पैकी ६ प्रबंध रविवार कारंजा काकांच्या डिस्कवर निघाले, त्यातल्या चौघांची संमतीही आली. एक बाई फोनवर रडल्या. त्यांच्याकडे स्वतःकडेसुद्धा फाइल राहिली नव्हती.

गेल्या मंगळवारी निफाडच्या काकांना फोन केला. ज्यांनी तो प्रबंध लिहिला त्यांनी आनंदाने सही दिली होती. दुवा काकांच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवला. अर्ध्या तासात काकांचा फोन. तक्ता उघडला, वहीशी ताडून पाहिला, म्हणाले उतरवताना माझ्या दोन चुका झाल्या होत्या. आणि मग म्हणाले, "पण मॅडम, तिसऱ्या ओळीतली विहीर आमच्या गावची नाही. ती पलीकडच्या शिवारातली. आमची तशी बांधीव विहीर बुजवली त्याच्या आधीच."

ओसीआरची चूक असेल म्हणून छापील प्रत काढून पाहिली. मूळ प्रबंधातच तसं आहे. लेखकांना कळवलं, ते म्हणाले काकांचं बरोबर असू शकतं. आता ही दुरुस्ती कुठे ठेवू? फाइल बदलता येणार नाही, ती पदवीला सादर झालेली आहे.

दाखलनोंद

फाइलला हात लावू नका. लेखकाकडून दोन ओळींचे शुद्धिपत्र सहीनिशी घ्या आणि त्याच नोंदीत दुसरी फाइल म्हणून जोडा. वर्णनाच्या रकान्यात लिहा: पृष्ठ अमुक, तक्ता अमुक, ओळ ३, शुद्धिपत्र पाहावे. दुरुस्ती कोणी दाखवली तेही लिहा, काकांची परवानगी घेऊन, त्यांच्या गावाच्या नावासह.

गोदाकाठ

काकांना विचारलं. नाव घालायला हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात स्वतः येतायत, बुजवलेल्या विहिरीचा सातबारा घेऊन.